अपडेट ४: इंजिनला हात नाही लावला, तरी गाडी फास्ट झाली

मंडळी, बऱ्याच महिन्यांनी लिहितोय. मधे ऑफिस, मग पावसाळा, मग घरचं एक लग्न, गाडी बिचारी कव्हरखाली. मागच्या वेळी म्हणालो होतो की पुढच्या अपडेटला इनटेक आणि एक्झॉस्टचे फोटो टाकतो, तर ते फोटो काही येणार नाहीयेत. एक्झॉस्टचे पैसे गेले पुणे ते कोइमतूरच्या पेट्रोलमध्ये, ट्रॅक डेच्या (म्हणजे आपलीच गाडी रेस ट्रॅकवर चालवायचा दिवस) फीमध्ये आणि दोन टायरमध्ये.

नवीन आलेल्यांसाठी: गाडी २०१३ ची स्विफ्ट पेट्रोल झेडएक्सआय, ११९७ सीसी, ८७ पीएस, ११४ न्यूटन मीटर, वजन हजार किलोच्या आत, पुढे डिस्क मागे ड्रम, १८५/६५ आर१५ टायर. ओडो १,१२,००० च्या पुढे. सगळं स्टॉक, फक्त मागच्या काचेवरचा स्टिकर माझा.

तर करी मोटर स्पीडवे. कोइमतूरजवळ चेट्टिपाळयमला, २००३ साली सुरू झालेला, लांबी साधारण २.१ किमी. एस. करिवर्धन यांच्या नावावरचा ट्रॅक. हे तेच, ज्यांनी मारुती ८०० चं ७९६ सीसीचं इंजिन घेऊन फॉर्म्युला मारुती नावाची सिंगल सीटर बनवली होती. नारायण कार्तिकेयनची सुरुवात त्या गाड्यांमधली, आणि पुढे २००५ ला तोच भारताचा पहिला एफ वन ड्रायव्हर. म्हणजे बघा, आपल्या काकांच्या दारात उभ्या असलेल्या गाडीचं इंजिन. हे मी मुद्दाम सांगतोय कारण ट्रॅकवर पोचलो तेव्हा पिटमध्ये आजूबाजूला सगळ्या टर्बो गाड्या बघून माझं तोंड एवढंसं झालं होतं.

पहिलं सेशन. मला वाटलं मी उडतोय. टायर किंचाळतायत, एबीएस पायाखाली कडकड करतंय, प्रत्येक कॉर्नरला स्टिअरिंग अजून थोडं, अजून थोडं, आणि गाडी आपली सरळच चाललीय बाहेरच्या कडेला. तेवढ्यात मागून एक जुनी झेन आली, मी पॉइंट बाय दिला (म्हणजे खिडकीतून हात काढून "जा बाबा"), ती गेली आणि दोन कॉर्नरमधे दिसेनाशी झाली. चालवणारे गृहस्थ साठीचे असावेत. त्यांच्या टायरचा आवाज मला आलाच नाही, आणि नंतर कळलं की सगळी मेख तिथेच होती.

दुसऱ्या सेशनला इन्स्ट्रक्टर शेजारी बसले. दोन लॅप काही बोललेच नाहीत, मग एकच प्रश्न, "बघतोयस कुठे?" मी बघत होतो बॉनेटपुढच्या वीस फुटांवर. म्हणाले ब्रेक लावायच्या आधी कॉर्नरच्या आत बघ, आत पोचायच्या आधी बाहेर कुठून पडणार ते बघ, हात आपोआप जातात. ऐकायला फालतू वाटतं. लॅपमधे लगेच दीडेक सेकंद कमी झाला, आणि मी तर मनातून गाडी हळू चालवत होतो.

मग टायरचं गणित. मी ते स्वतःला असं समजावलंय: टायरची ग्रिप म्हणजे महिन्याचा पगार. पूर्ण पगार ब्रेकच्या हप्त्यात घातलास तर वळायला खिशात काही उरत नाही, आणि वरून स्टिअरिंग पिळलं तर ती उधारी, टायर देणारच नाही. म्हणून पूर्ण ब्रेक सरळ रेषेत, आणि वळायला लागलो की पाय झटकन काढायचा नाही, हळूहळू सोडत जायचा, जेवढा ब्रेक सुटतो तेवढं स्टिअरिंग घ्यायचं. याला ट्रेल ब्रेकिंग म्हणतात हे वाचून माहीत होतं, चार वर्षं वाचतोय, पण पायाला माहीत नव्हतं. ब्रेकवर वजन पुढे येतं, पुढचे टायर दाबले जातात, नाक आत शिरतं. मी काय करत होतो, तर कॉर्नरच्या तोंडाशी ब्रेक एकदम सोडायचो, नाक वर, पुढचे टायर हलके, आणि मग तक्रार की स्विफ्ट अंडरस्टिअर करते, म्हणजे वळायच्या ऐवजी सरळ बाहेर जाते. अरे तूच करायला लावतोयस.

उलटं पण झालं एकदा. एका लांब उजव्या वळणात जरा जास्तच वेगाने शिरलो, घाबरून अॅक्सिलरेटर पूर्ण सोडला, वजन पुढे आलं, मागचं हलकं झालं आणि शेपूट निघाली. फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडीची शेपूट निघते हे व्हिडिओत बघणं वेगळं आणि सीटखालून जाणवणं वेगळं! सुदैवाने नजर बाहेरच्या बाजूला होती, हात तिकडे गेले, पायाने थोडा थ्रॉटल परत दिला आणि सावरली. इन्स्ट्रक्टर हसले. मी पुढचा लॅप तिसऱ्या गिअरमधे गुपचूप काढला.

चौथ्या सेशनला ब्रेक पेडल मऊ पडायला लागलं, म्हणजे पाय आधीपेक्षा खोल जातोय आणि गाडी तेवढी थांबत नाहीये. चूक माझीच, ब्रेक फ्लुइड अडीच वर्षं जुनं. हे तेल हवेतलं पाणी पितं, आणि पाणी पिलं की उकळायचं तापमान खाली येतं. डॉट ४ (ब्रेक फ्लुइडचा एक दर्जा) नवं असताना किमान २३० अंश, ओलं झाल्यावर किमान १५५. लाइनमधे वाफ झाली की तुम्ही ब्रेक नाही, बुडबुडे दाबत असता. ट्रॅकला जाणार असाल तर हॉर्सपॉवर सोडा, आधी हे बदला, पैशाच्या मानाने याच्याएवढं काहीच मिळत नाही. आणि तापलेल्या गाडीचा हँडब्रेक ओढू नका, एक लॅप ब्रेक न लावता थंड करा, मग गिअरमधे ठेवून चाकाला दगड. टायर प्रेशर थंड असताना ३० पीएसआय ठेवलं होतं, सेशननंतर ३७ दिसलं, दर वेळी बाहेर येऊन कमी करत होतो.

दिवसाअखेर पहिल्या सेशनपेक्षा पावणेचार सेकंद कमी. माझ्या वहीत एका पानावर "टायर ओरडले नाहीत" असं लिहून खाली दोन रेघा मारल्यात, लॅप टाइम त्याच्या खाली बारीक अक्षरात आहे.

आता घरची प्रॅक्टिस. सिम रिग (गाडी चालवायच्या कॉम्प्युटर गेमचा सेटअप) म्हणजे डायनिंग टेबलला क्लॅम्प केलेलं स्टिअरिंग, जेवणाच्या वेळी काढावं लागतं (हा करार लेखी नाही पण कडक आहे). त्यावर ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट खूप चालवलं, ५.१२५ किमी, २०११ ते २०१३ तीन वेळा एफ वन झालं आणि तिन्ही वेळा वेटेल जिंकला. सिमने नजर आणि ब्रेकिंग पॉइंट सुधारले, नक्की. पण वजन इकडून तिकडे जातं ते ढुंगणाला कळावं लागतं, आणि डायनिंगची खुर्ची ते सांगत नाही.

ते सांगितलं मामाने. आमचा मामा एसटीत ड्रायव्हर होता, कोकणातल्या घाटांमधे उभी हयात गेली. त्याच्या सुरुवातीच्या गाड्यांना गिअर असा सरळ पडायचाच नाही, डबल क्लच मारायचा, मधे न्यूट्रलला थोडी रेस द्यायची, मग खालचा गिअर. मी त्याला हील-टो समजावून सांगत होतो, ब्रेकवर असतानाच पायाच्या कडेने अॅक्सिलरेटरला टोचा द्यायचा, म्हणजे इंजिनचा वेग चाकाशी जुळतो आणि गिअर टाकताना झटका बसत नाही वगैरे. त्याने पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हणजे मागे बसलेल्या म्हातारीची मान हलू नये म्हणून आम्ही करायचो तेच ना?" हो मामा, तेच.

तेव्हापासून माझी टेस्ट म्हातारीच्या मानेची आहे. ताम्हिणीतून माणगावला जाताना सगळं स्पीड लिमिटमधे, आपल्या लेनमधे, फक्त गिअर, ब्रेक आणि स्टिअरिंग कुणाला कळता कामा नये. ज्या गिअरमधे चढाल त्यातच उतरा हे तर एसटीवाल्यांचं जुनं आहेच. बायकोला घाटात हमखास मळमळायचं, लिंबू आणि आवळा सुपारी पर्समधे कायम. गेल्या महिन्यात ती मुळशी ओलांडल्यावर झोपली ती थेट घाट उतरल्यावर उठली. लॅप टाइमपेक्षा याचा आनंद जास्त झाला, हसा हवं तर.

आणि जे रविवारी सकाळी घाटात ग्रुप करून रेस लावतात त्यांच्याबद्दल माझं मत आता अजूनच वाईट झालंय. ८० च्या जागी १०० ला गाडीतली ऊर्जा दीडपटीहून जास्त होते, समोरून दुधाचा टेम्पो येतो, रन-ऑफ (गाडी बाहेर गेली तर थांबायची मोकळी जागा) म्हणजे दरी. आणि गंमत म्हणजे तिथे शिकायलाही मिळत नाही, कारण लिमिट कुठे आहे ते बघायला लिमिटच्या पलीकडे जावं लागतं, थोडंसं, आणि परत यावं लागतं. ते ट्रॅकवर. नाहीतर मोकळ्या मैदानात कोन लावून ऑटोक्रॉस, तिथे तर दुसऱ्या गिअरमधेच घाम फुटतो.

तिसऱ्या गिअरची माझी ब्लिप (हील-टोमधला तो अॅक्सिलरेटरचा टोचा) अजून दहातली सहा वेळाच बरोबर बसते, दुसऱ्याची चार. पेडलमधलं अंतर जास्त आहे, अॅक्सिलरेटरवर पातळ पट्टी बसवावी का विचार करतोय, कोणी स्विफ्टला केलं असेल तर फोटो टाका. फ्लुइड बदललं, पुढचे पॅड बदलले, अलाइनमेंट झाली. उन्हाळ्याआधी परत करीला जायचंय.

मामाला मागच्या शनिवारी शेजारी बसवून नेलं. माणगावपर्यंत एक शब्द नाही, चहाला थांबलो तेव्हा म्हणाला, "बरी चालवतोस. दुसरा जरा उशिरा टाकतोस."