कातडी दोनदा ओलांडणारा प्रकाश : पोर्टेबल एफनिर्सने मेंदूचं काम मोजताना

अंधारात मोबाइलच्या टॉर्चवर बोट ठेवलं की बोट लाल दिसतं. निळा-हिरवा प्रकाश रक्त शोषून घेतं, तांबडा पार होतो. तांबड्याच्या पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश आणखी खोल जातो. साधारण ६५० नॅनोमीटरच्या खाली हिमोग्लोबिन आडवं येतं आणि ९५०च्या वर पाणी. मधल्या या खिडकीतून मेंदूतल्या ऑक्सिजनची खबर काढता येते, हे अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या फ्रान्स यॉबसिस यांनी १९७७ साली दाखवलं. १९९३च्या सुमारास वेगवेगळ्या गटांनी माणूस विचार किंवा हालचाल करत असताना होणारे बदल याच पद्धतीने टिपले. मेंदूचा जो भाग कामाला लागतो तिथे ऑक्सिजन घेतलेलं रक्त वाढतं, त्यावरून त्याचं काम कळतं. या पद्धतीला आज एफनिर्स (फंक्शनल निअर-इन्फ्रारेड स्पेक्ट्रोस्कोपी) म्हणतात. पूर्वी गाडाभर असलेलं यंत्र आता टोपीत आणि खिशातल्या डबीत मावतं.

यंत्र लहान झालं, पण मूळ अडचण आहे तशीच आहे. प्रकाश डोक्यात शिरताना कातडी ओलांडतो आणि बाहेर येतानाही ओलांडतो. मेंदूत तो मध्येच थोडा वेळ असतो. म्हणून या कामातली बहुतेक मेहनत मेंदूवर नाही, कातडीवर करावी लागते.

आधी अंतराचं बोलू. प्रकाश सोडणारा एलईडी आणि परत आलेला प्रकाश टिपणारा डिटेक्टर (दोघांना मिळून सेन्सर म्हणू) यांच्यात मोठ्या माणसासाठी ३० मिलिमीटर अंतर ठेवतात. पकडला जाणारा प्रकाश केळ्याच्या आकाराच्या वाटेने जातो आणि त्याची खोली अंतराच्या निम्मी, म्हणजे दीड सेंटिमीटरच्या आसपास असते. अंतर २० मिलिमीटर केलं तर सिग्नल छान दणदणीत येतो, पण तो मुख्यतः कातडीचा आणि हाडाचा. अंतर एक सेंटिमीटर वाढवलं की प्रकाश जवळजवळ दहापट घटतो, त्यामुळे ४० मिलिमीटरला हाती फारसं उरत नाही. तान्ह्या बाळांची कवटी पातळ असते, तिथे २० मिलिमीटर चालतात. तरंगलांब्या दोन लागतात, बहुधा ७६० आणि ८५० नॅनोमीटर. पहिलीला ऑक्सिजन सोडलेलं हिमोग्लोबिन जास्त शोषतं, दुसरीला ऑक्सिजन घेतलेलं. ८००च्या जवळ दोघं सारखंच शोषतात, म्हणून तिथली तरंगलांबी एकटी घेऊन उपयोग नाही. दोन मोजमापं, दोन अज्ञात राशी, इतकं सोपं गणित आहे.

पहिला प्रयोग कपाळावर करू नका. तिथे केस नसतात म्हणून मोह होतो, पट्टा बांधला की दोन मिनिटांत आलेख सुरू. पण कोडं सोडवताना, मोठ्याने बोलताना, दडपण आल्यावर कपाळाच्या कातडीतलं रक्तही बदलतं आणि ते कामाच्या तालावरच बदलतं. कातडीचा तो चढ मेंदूचा समजून बसणं ही या क्षेत्रातली सर्वांत जुनी चूक आहे. माझ्या मते सुरुवात बोटांच्या हालचालीपासूनच करावी. उजव्या हाताचा अंगठा एकेका बोटाला टेकवत गेलं की मेंदूच्या डाव्या बाजूचा पट्टा जागा होतो, आणि तो जागा झाला की नाही हे उजव्या बाजूशी ताडून पाहता येतं.

या पट्ट्याची जागा शोधायला शिंप्याची टेप पुरते. नाकाच्या मुळापासून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंत एक माप, एका कानाच्या पुढच्या खळगीपासून दुसऱ्या कानापर्यंत माथ्यावरून दुसरं. दोन्हींचे मध्यबिंदू जुळतात ती जागा सीझेड (सीझेड, सीथ्री ही डोक्यावरच्या ठरलेल्या खुणांची नावं). तिथून डावीकडे, कान ते कान मापाच्या २० टक्के अंतरावर सीथ्री, म्हणजे आपल्या पट्ट्याची खूण. हे माप ३६ सेंटिमीटर असेल तर सीथ्री ७.२ सेंटिमीटरवर येतो. इथे नवखा माणूस एलईडी नेमका सीथ्रीवर बसवतो आणि चुकतो. मोजमाप एलईडी आणि डिटेक्टरच्या मधोमध होतं, म्हणून दोघांना सीथ्रीच्या दोन बाजूंना १५-१५ मिलिमीटरवर ठेवायचं.

मग केस. यात घाई केली की पुढचं सगळं वाया जातं. काळा केस प्रकाश गिळतो, आणि सेन्सरखाली दहा-बारा केस आडवे आले तरी पुरेसं नुकसान होतं. टोपीच्या प्रत्येक भोकातून शेपटीच्या कंगव्याने किंवा कापसाच्या काडीने केस बाजूला सारून पांढरी भांगरेषा दिसली पाहिजे. सोनोग्राफीला वापरतात तो पारदर्शक जेल थोडासा लावला की केस तिथेच थांबतात. जास्त लावला तर तो पसरून शेजारच्या सेन्सरशी जोडला जातो आणि प्रकाश डोक्यात न शिरता जेलमधूनच डिटेक्टरला पोचतो. आपल्याकडे खोबरेल तेल हा वेगळा मुद्दा आहे. तेलकट केसांवर जेल टिकत नाही, सेन्सर सरकतो. आदल्या दिवशी केस धुऊन तेल न लावता या, हे निरोपातच लिहावं. कपाळावर सेन्सर असतील तर टिकली आणि कुंकू पुसायला आदराने सांगावं. कलप किंवा मेंदी लावली असेल तर वहीत नोंद करावी.

सिग्नल येत नाही म्हणून सेन्सर जोरात दाबू नका. दाबल्यावर कातडीतलं रक्त बाजूला सरतं, मग हळूहळू परत येतं, आणि आलेखात दहा मिनिटांचा खोटा उतार दिसतो. शिवाय वीस मिनिटांत डोकं दुखायला लागतं.

दाट काळे केस आणि गडद वर्ण असलेल्या माणसांचा सिग्नल अशक्त येतो, कारण मेलॅनिन हे कातडी-केसांतलं रंगद्रव्यही प्रकाश शोषतं. अशा माणसांना अभ्यासातून वगळणं मला अजिबात मान्य नाही. त्यांच्यासाठी वीस मिनिटं जास्त राखून ठेवावीत. मापात फक्त विरळ केसांचेच लोक उरले, तर निष्कर्षही त्यांच्यापुरताच राहतो.

टोपी बसली की आलेखात नाडी शोधा. मिनिटाला ६० ते ९० ठोके, म्हणजे सेकंदाला एक-दीड लाट, न गाळलेल्या सिग्नलमध्ये उघड्या डोळ्यांनी दिसली पाहिजे. आकडा हवा असेल तर दोन्ही तरंगलांब्यांचा सिग्नल ०.५ ते २.५ हर्ट्झमध्ये (सेकंदाला इतक्या लाटा) गाळून त्यांचा सहसंबंध काढा. ०.७५ ते ०.८च्या खाली गेलेला चॅनेल, म्हणजे एलईडी-डिटेक्टरची ती जोडी, पुन्हा बसवा. सिग्नल भक्कम पण नाडी नाही, असं दिसलं तर खूश होऊ नका. प्रकाश टोपीखालून थेट डिटेक्टरवर सांडतो आहे. उन्हातही अशीच फसगत होते. सूर्यप्रकाशात निअर-इन्फ्रारेड भरपूर असतं. यंत्र एलईडी बंद असतानाचं वाचन वजा करतं खरं, पण डिटेक्टरच भरून वाहत असेल तर वजा करायला काही उरत नाही. वरून काळी अपारदर्शक टोपी घाला, खिडकी बंद करा.

यंत्र स्वतः जोडणाऱ्यांसाठी : फोटोडायोड आणि अ‍ॅम्प्लिफायर एकाच चिपवर असलेला ओपीटी१०१ शिकण्यासाठी चांगला. पण एडीसीवर, म्हणजे सिग्नलचे आकडे करणाऱ्या चिपवर, कंजुषी नको. नाडीने प्रकाश टक्का-दोन टक्के हलतो, मेंदूच्या प्रतिसादाने त्याहूनही कमी. १६ बिटांच्या एडीसीत ६५,५३६ पायऱ्या असतात. प्रकाशाने त्यातला दहावा हिस्साच व्यापला, तर अर्ध्या टक्क्याचा बदल जेमतेम ३३ पायऱ्यांचा. २४ बिट घ्या. एलईडी दहा मिनिटं आधी सुरू ठेवा, कारण तापताना त्याची चमक घटते. आणि डोक्याला लावलेलं यंत्र कायम बॅटरीवरच चालवा, चार्जरला जोडून कधीही नाही.

काम २० सेकंद, विश्रांती २० ते ३० सेकंद, अशा दहा फेऱ्या. साडेसात मिनिटं होतात. विश्रांती मुद्दाम कमी-जास्त ठेवायची. रक्तदाबात साधारण दर दहा सेकंदांनी एक लाट येत असते, आणि श्वासाचाही ताल असतो. ठरावीक लयीत काम दिलं तर हे सगळे त्या लयीला चिकटतात. खरा प्रतिसाद दोनेक सेकंदांनी चढायला लागतो, पाच-आठ सेकंदांत वर पोचतो आणि काम थांबल्यावर दहा-पंधरा सेकंदांत उतरतो. ऑक्सिजनयुक्त हिमोग्लोबिन वर जातं त्याच वेळी ऑक्सिजन सोडलेलं खाली यायला हवं, साधारण तिसऱ्या हिश्श्याएवढं. दोन्ही हातात हात घालून वर गेली तर संशय कातडीवर किंवा मान हलण्यावर घ्यावा.

हा संशय मिटवण्याचा सर्वांत चांगला उपाय म्हणजे शॉर्ट चॅनेल : एलईडीपासून फक्त ८ मिलिमीटरवर बसवलेला डिटेक्टर. त्याचा प्रकाश मेंदूपर्यंत जवळजवळ पोचतच नाही, म्हणून तो निव्वळ कातडीची नोंद देतो. विश्लेषणात ही नोंद लांब चॅनेलमधून रिग्रेशनने, म्हणजे तिचा जेवढा वाटा मिसळला आहे तेवढा गणिताने वजा करून, काढून टाकायची. शॉर्ट चॅनेल नसलेलं यंत्र कितीही स्वस्त मिळालं तरी संशोधनासाठी घेऊ नये, असं मी स्पष्ट सांगेन.

संथ चढउतार गाळणाऱ्या फिल्टरमध्ये एक खड्डा आहे. आपली फेरी ४० ते ५० सेकंदांची, म्हणजे ०.०२ ते ०.०२५ हर्ट्झ. खालची मर्यादा ०.०१ ठेवली तर ठीक, ०.०५ ठेवली तर प्रयोगच गाळून टाकला. होमर३ किंवा एमएनई-निर्स ही मोफत सॉफ्टवेअरं हे सगळं करतात, मात्र मूळ प्रकाशाच्या नोंदी स्निर्फ (एफनिर्सच्या नोंदींचा सामाईक प्रकार) फाइलमध्ये जशाच्या तशा जपा. हिमोग्लोबिनच्या बदलाचा, मायक्रोमोलरमध्ये येणारा आकडा प्रकाशाच्या वाटेची लांबी गृहीत धरून काढलेला असतो, आणि ती लांबी वयानुसार, तरंगलांबीनुसार बदलते. त्यामुळे दोन माणसांचे नुसते आकडे शेजारी ठेवून कोणाचा मेंदू जास्त चालला हे ठरवता येत नाही.

एवढी मेहनत जिथे सार्थ ठरते त्या जागा रुग्णालयापासून लांब आहेत. पश्चिम आफ्रिकेच्या गाम्बियातल्या केनेबा गावात बाळांच्या मेंदूची वाढ याच पद्धतीने वर्षानुवर्षं पाहिली गेली. उत्तर प्रदेशातल्या शिवगढ परिसरात लहान मुलांच्या दृश्य स्मृतीचा अभ्यास झाला. तिथे एमआरआय नेणं शक्य नव्हतं, आणि आईच्या मांडीवर बसलेलं मूल एमआरआयमध्ये स्थिरही राहिलं नसतं.

टोपी काढण्याआधी चारही बाजूंनी फोटो घ्या, सेन्सर कुठे सरकले ते नंतर त्यातूनच कळतं. मापाआधी चहा-कॉफी, तंबाखू, मिश्री किती वेळापूर्वी घेतली ते लिहा, कारण या सगळ्यांनी रक्तवाहिन्या बदलतात. टोपी काढल्यावर कातडीवर उमटलेली लाल वर्तुळं पाहा. अर्ध्या तासात ती विरली नाहीत, तर सेन्सर दाबून धरणारी स्प्रिंग घट्ट होती. त्या चॅनेलचा क्रमांक लिहून ठेवा आणि पुढच्या माणसाच्या आधी ती सैल करा.