आमची वाटचाल : टॉवेल ते यॉर्की

आमचं मूळ काम टॉवेलचं. वडिलांचे यंत्रमाग होते, मंदीत त्यातले निम्मे भंगारात गेले. मी सोलापुरात सात रस्त्याजवळ गाळा घेऊन कुत्र्यांचं ग्रूमिंग, म्हणजे आंघोळ-केस कापणं, सुरू केलं. सुरुवातीला लॅब्रॅडॉर आणि पॉमेरियनवर भाडं निघायचं, एवढंच.

दुकानाला वळण लागलं ते यॉर्कशायर टेरियरमुळे. जेमतेम तीन किलोंचं कुत्रं, पण रुबाब जर्मन शेफर्डचा! आज मांडीवर मिरवणाऱ्या या यॉर्कीचे पूर्वज इंग्लंडमधल्या यॉर्कशायरच्या गिरण्यांत उंदीर मारायचे. स्कॉटलंडहून तिथे पोट भरायला गेलेल्या विणकरांनी आपले छोटे टेरियर सोबत नेले, त्यातून ही जात घडली. १८६५ साली जन्मलेला हडर्सफील्ड बेन नावाचा कुत्रा तिचा मूळपुरुष मानतात. वडिलांना हे सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे गिरणीतलंच की हे!" तेव्हापासून यॉर्की आली की ते स्वतः बाहेर येतात.

यॉर्कीचे केस माणसासारखे, रेशमी. आत लोकरी थर नाही. गळतात कमी, पण वाढतच राहतात. विंचरायचा कंटाळा केला की कानामागे आणि काखेत गाठी धरतात. ओल्या अंगाला टॉवेल खसाखसा घासला तर गुंता हमखास. दाबून पाणी टिपायचं. त्यासाठी वडिलांनी आखूड, घट्ट लूपचा छोटा टॉवेल मागावर काढून दिला. आज पुण्याचे ग्रूमर तो आमच्याकडून मागवतात. ग्रूमिंगपेक्षा त्यातच चार पैसे जास्त सुटतात, खरं सांगायचं तर.

एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर गेला की लोक म्हणतात, "मालक, पूर्ण भादरून टाका." ते आम्ही करत नाही, कातडी उन्हाने भाजते. बोटभर केस ठेवतो. गळ्यात पट्टा असेल तर हार्नेस, म्हणजे छातीभोवती बसणारा पट्टा, घ्यायला सांगतो, कारण या जातीची श्वासनलिका नाजूक.

पिल्लं मात्र विकत नाही. 'टी-कप', म्हणजे अगदी इवलीशी यॉर्की, अशी वेगळी जात नसते, तरी त्या नावाखाली महिन्याभराची पिल्लं खपवली जातात. आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकायला कायद्याने बंदी आहे.

सध्या दोन मुली हाताखाली शिकताहेत. यॉर्की आणणार असाल तर आधी फोन करा, आणि उन्हाळ्यात संध्याकाळचीच वेळ घ्या.