पोफळी मोजणारं यंत्र

३ जून २०२०ला निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं आणि दिवेआगरातली आमची वाडी दुपारभरात आडवी झाली. इशारा वेळेत आला होता. म्हणूनच परवा काकांना ग्राफकास्ट या हवामानाचा अंदाज सांगणाऱ्या एआयचं कौतुक सांगायला गेले, तर म्हणाले, "अगं, कळलं होतंच की! पोफळी काय उचलून माजघरात ठेवू?"

तरी सांगितलंच. हे एआय मॉडेल १९७९पासूनच्या हवामानाच्या नोंदींवर शिकलंय. पुढच्या दहा दिवसांचा अंदाज मिनिटाच्या आत देतं. २०२३मध्ये ली वादळ कॅनडातल्या नोव्हा स्कॉशियाला धडकणार, हे त्याने नऊ दिवस आधी हेरलं. वादळाची वाट चांगली सांगतं, वाऱ्याचा जोर मात्र कमी धरतं. शिवाय ते नकाशाचे चौकोन पाडून अंदाज सांगतं, आणि त्यातला एक चौकोन साधारण २८ किलोमीटरचा. आमची पुळण, वाड्या, मागचा डोंगर, सगळं एकाच खणात!

मला विचाराल तर एआयची खरी गरज वादळानंतर आहे. पंचनाम्याला माणूस येईपर्यंत निम्मी खोडं तोडून आम्ही वाट मोकळी केली होती. मग मोजायचं काय? पावसाळ्याआधी ड्रोनने वाड्यांचे फोटो काढून ठेवावेत, वादळानंतर पुन्हा काढावेत. झाडांचे शेंडे यंत्र मोजेल, उरते ती वजाबाकी. नव्या पोफळीला सुपारी धरायला पाच-सात वर्षं जातात, तोवर भरपाईचाच आधार. (ती किती मिळते, यावर न बोललेलं बरं.)

काकांना हे पटलं. पण लगेच शंका: "माडांच्या सावलीतल्या पोफळी दिसतील का गं वरून?"

सगळ्या नाही दिसणार. त्या खालूनच मोजाव्या लागतील.