दसरा चौक ते खिद्रापूर

कोल्हापूरला येणाऱ्या पाहुण्यांचा कार्यक्रम ठरलेला असतो. अंबाबाई, जोतिबा, पन्हाळा, संध्याकाळी रंकाळा आणि रात्री तांबडा-पांढरा. पूर्वेला शिरोळ तालुक्याकडं फारसं कुणी फिरकत नाही, नृसिंहवाडीला जाणारे दत्तभक्त सोडले तर. म्हणून पुण्याहून आलेल्या मावसभावाला मुद्दाम तिकडंच नेलं.

निघताना दसरा चौकात थांबलो. शाहू महाराजांनी १९०१ पासून मराठा, जैन, लिंगायत, मुस्लिम अशा एकेका समाजाच्या मुलांसाठी बोर्डिंगं काढली. मुस्लिम बोर्डिंग या चौकातच आहे. पूर्वेच्या गावांमधली पोरं शिकायला इथंच यायची. कुंभोजला १८८७ मध्ये जन्मलेले भाऊराव पाटील जैन बोर्डिंगात राहिले आणि पुढं त्यांनी रयत शिक्षण संस्था उभी केली. त्याच कुंभोजजवळ बाहुबलीची २८ फुटी संगमरवरी मूर्ती आहे. पायऱ्या चढून वर गेलं की चारी बाजूंना ऊसच ऊस. गळिताचा हंगाम चालू होता, त्यामुळं पुढचा रस्ता डबल ट्रॉल्यांच्या मागं रांगत काढला. त्यांना मागं रिफ्लेक्टर नसतात, टेप मात्र असतो, तोही फुल्ल आवाजात.

वाडीला कृष्णा-पंचगंगेचा संगम. पावसाळ्यात कृष्णेचं पाणी मंदिरात शिरून पादुकांवरून दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं, त्याला दक्षिणद्वार सोहळा म्हणतात. एरवी पूर म्हटलं की शिरोळकरांच्या पोटात गोळा येतो (२०१९ अजून कुणी विसरलेलं नाही), पण या स्नानाला गर्दी करणारेही तेच. मंदिराला शिखर नाही. विजापूरच्या आदिलशहानं ते बांधून दिलं, अशी कथा सांगतात. घाटावर मराठीइतकंच कन्नड कानावर पडतं. कवठाची बर्फी मात्र घ्याच. पेढे काय, कुठंही मिळतात.

पलीकडं कुरुंदवाड. इथं गणेशोत्सवात मशिदींमध्ये गणपती बसतो. आमच्याकडं बाहेरचा माणूस हे ऐकून चाट पडतो. कुरुंदवाडकरांना त्यात सांगण्यासारखं काही वाटत नाही. चहाच्या गाड्यावर भावानं विषय काढला, तर गाडीवाला म्हणाला, "बसतोय की. मग कुठं बसवायचा?"

खिद्रापूरला पोचेपर्यंत दुपार कलली. कोपेश्वराचं मंदिर शिलाहारांच्या काळातलं, बाराव्या शतकातलं. आम्ही स्वर्गमंडपात शिरलो आणि सगळ्यांसारखे वर बघायला लागलो, कारण छताच्या मधोमध गोल आकाश उघडं आहे. तिथं बसलेले एक आजोबा म्हणाले, "आधी खाली बघा." पायाखाली तेवढीच गोल, अखंड शिळा, भोवती बारा खांब आणि एकूण खांब ४८. उन्हाचा गोल तिच्यावरून सरकत होता. बाहेर भिंतीच्या तळाशी हत्तींची रांग, कितीतरी हत्तींच्या सोंडा तुटलेल्या. शिलालेख बहुतेक जुन्या कन्नडात आहेत. दक्षिण दरवाज्याजवळचा यादव राजा सिंघणाचा लेख तेवढा देवनागरीत.

गाभाऱ्यात महादेवाबरोबर विष्णूही लिंगरूपात, आणि समोर नंदीच नाही. सती दक्षाकडं नंदीवर बसून गेली, म्हणून नंदी पलीकडं कर्नाटकात यडूरला, आणि रागावलेल्या शंकराला शांत करायला विष्णू इथं, असं आजोबांनी सांगितलं. सीमावाद इथं कधीचाच मिटलाय म्हणायचा. गावातच आदिनाथाचं जुनं जैन मंदिरही आहे. कोपेश्वराला आलेले निम्मे लोक तिकडं न बघताच गाडीत बसतात, ते करू नका.

यडूर राहिलं. परतताना इचलकरंजीत मागांचा खडखडाट आणि ट्रॅफिक, दोन्हींनी डोकं उठवलं. दिवसभर बाहुबली, दत्त आणि महादेव झाल्यामुळं मटणाचं नाव काढायला कुणी धजेना. शेवटी हातकणंगले मागं पडल्यावर भावानंच विचारलं, "पांढरा रस्सा किती वाजेपर्यंत मिळतो रे?"