आमची वाटचाल : गच्ची, पाऊस आणि क्लिकचा हिशोब

आमची वॉटरप्रूफिंगची फर्म २००६ सालची. भांडवल म्हणजे मी, आमचे मिस्त्री, एक जुनी स्कूटर, दोन थाप्या, एक रंधा आणि पंधरा मीटरची लेव्हल ट्यूब. ती ट्यूब आजही ऑफिसात खुंटीला आहे. लेझर लेव्हल घेतली तरी गच्चीचा उतार मिस्त्री ट्यूबमधल्या पाण्यावरच पुन्हा तपासतात, आणि कठड्याच्या कडेची गोलाई स्वतःच्या हाताने मारल्याशिवाय त्यांना झोप लागत नाही.

पहिलं मोठं काम एरंडवण्यातल्या एका काकूंच्या बंगल्याचं. ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांचे तुकडे आणि सिमेंटचा उतारदार थर केला, पाणी साठवून तीन दिवस ठेवलं, खालच्या छताला डाग नाही. काकूंनी तारीख वहीत लिहून ठेवली आणि पुढे त्या गल्लीतली अकरा कामं आम्हाला मिळवून दिली. २०१८ पर्यंत धंदा असाच तोंडी चालला.

त्या वर्षी गूगलच्या जाहिरात सेवेचं, ॲडवर्ड्‌सचं, नाव बदलून गूगल ॲड्‌स झालं, आणि आमच्यासारखेच लोक त्यावर दिसू लागले. मीही थोड्या पैशांत सुरुवात केली. जमत होतं. पण साइटवर वेळ पुरेना, म्हणून २०२२ च्या मे महिन्यात सगळं एका एजन्सीच्या हाती दिलं. माझी सगळ्यात मोठी चूक तीच.

त्यांनी नवं खातं उघडलं, तेही स्वतःच्या नावाने. रोजचं बजेट २ हजार ठेवलं. त्यांची फी खर्चाच्या टक्केवारीवर, म्हणजे माझा खर्च वाढला की त्यांची कमाई वाढणार. दर सोमवारी रंगीत रिपोर्ट यायचा : इतक्या लोकांनी जाहिरात पाहिली, इतके क्लिक आले. कामं किती आली, याचा रकानाच नाही!

जूनमध्ये ५८ हजार गेले, जुलैमध्ये ६०. दोन्ही मिळून १ लाख १८ हजार, त्यावर १८ टक्के जीएसटी धरून १ लाख ३९ हजार २४० रुपये. फी वेगळीच. आणि गच्चीचं काम? एकही नाही. कारण या धंद्यातल्या माणसाला सांगायला नको : ओल्या स्लॅबवर कोटिंग धरत नाही. पावसात फोन येतात, माणूस हवालदिल असतो, त्याला आज गळती थांबवून हवी असते. आपण सांगणार, ‘उघडीप पडू द्या.’ तो फोन ठेवून पुढच्या जाहिरातीवर जातो. पैसे मात्र आपण क्लिकलाच मोजलेले असतात. त्यात मुसळधार पडला त्या दिवशी २ हजारांच्या जागी ३ हजार ७०० गेले. महिन्याचा आकडा रोजच्या बजेटच्या ३०.४ पटीच्या आत ठेवून एखाद्या दिवशी त्या बजेटच्या दुपटीपर्यंत खर्च होऊ शकतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

ऑगस्टमध्ये केमिकलच्या डीलरची उधारी थकली. मुलांचे पगार अर्धे दिले. मिस्त्रींनी दोन महिने पगाराचा विषयच काढला नाही. ते मी विसरणार नाही.

आठवडाभर मागे लागल्यावर एजन्सीने खातं बघायला दिलं. रात्री लोकांनी काय शोधून क्लिक केलं ती यादी उघडली. ‘वॉटरप्रूफ मेकअप.’ ‘वॉटरप्रूफ मोबाइल पाऊच.’ ‘वॉटरप्रूफिंग सुपरवायझर नोकरी.’ ‘घरच्या घरी गळती कशी थांबवावी.’ एकेका ओळीपुढे माझे ४०, ५५, ६० रुपये. सगळे शब्द ब्रॉड मॅचवर, म्हणजे जवळपासच्या कुठल्याही शोधावर जाहिरात दिसेल असे सोडलेले, आणि नको असलेल्या शब्दांची यादी कोरी. मी पहाटेपर्यंत वहीत शब्द उतरवत बसलो.

त्यातच दुसरा घाव. आमच्या फर्मचं नाव शोधलं, की सर्वांत वर एका प्रतिस्पर्ध्याची जाहिरात. दुसऱ्याच्या नावावर बोली लावता येते, हे मान्य. पण त्याच्या पानावर फोटो होता काकूंच्या गच्चीचा, मिस्त्रींच्या हातची गोलाई स्पष्ट दिसत होती! फोटो काढून टाकायला तीन महिने लागले. साधी माफीही आली नाही. शेवटी मी स्वतःच्याच नावावर बोली लावली. आपल्या नावावर आपल्या जाहिरातीचा दर्जा चांगला ठरतो, त्यामुळे ते क्लिक स्वस्त पडतात. तरी आपलंच नाव विकत घ्यावं लागतं, हे मनाला लागतंच.

सप्टेंबरपासून खातं पुन्हा माझ्या ईमेलवर, माझ्या हातात. हिशोब असा मांडला : क्लिक ५५ रुपये, पंधरा क्लिकला एक चौकशी, चार चौकश्यांत एक काम. म्हणजे एका कामामागे ३,३०० रुपये, जीएसटीसकट ३,८९४. गच्चीच्या कामात हे सहज निघतात. बाथरूमच्या गळतीत २ हजार सुटतात, तिथे प्रत्येक काम तोट्याचं. म्हणून बाथरूम जाहिरातीतून बंद. पैशांचा जोर फेब्रुवारी ते मे, जूनपासून फक्त आपल्या नावाची जाहिरात. फोन उचलायला माणूस असेल तेवढेच तास जाहिरात चालू. डिस्प्ले (इतर साइटवरच्या चित्रांच्या जाहिराती) आणि सर्च पार्टनर (गूगलबाहेरच्या शोध साइट) बंद. स्थळाच्या सेटिंगमध्ये ‘पुण्यात रस असलेले’ लोकही आपोआप धरले जातात, तेही काढलं. फक्त परदेशी राहणाऱ्या पुणेकरांसाठी वेगळी छोटी मोहीम ठेवली, कारण त्यांचे बंद फ्लॅट गळतात आणि ते काम शांतपणे, नीट करून घेतात.

नव्याने सुरू करणाऱ्यांनो, एजन्सीला खात्यात प्रवेश द्या, खातं देऊ नका. जीएसटीच्या कंपोझिशनमध्ये, म्हणजे छोट्या धंद्यांच्या सोप्या कर योजनेत असाल तर जाहिरातीवरच्या जीएसटीचं क्रेडिट मिळत नाही, तो १८ टक्के खर्चातच धरा. आणि शब्दांची यादी स्वतः वाचा. कोब्याला पुण्यात लोक काय म्हणतात आणि सोसायटीचा सेक्रेटरी काय टाइप करतो, हे तुम्हालाच माहीत असणार.

डीलरची उधारी मार्च २०२३ मध्ये फिटली, मिस्त्रींचे दोन पगार त्याच्या आधी. काकूंच्या गच्चीला गेल्या एप्रिलमध्ये नवा कोट दिला. त्यांनी तीच वही काढली, जुन्या तारखेखाली नवी लिहिली, आणि मिस्त्रींना सही करायला लावली.