गोचिडीवरचं औषध आणि कुरिअरचा ताप : माझा अनुभव

ट्रेकच्या कपड्यांना परमेथ्रिन, म्हणजे गोचिडीवरचं औषध, मारणं हे काम इतकं सोपं आहे की त्यावर लिहिण्यासारखं फारसं काही नाही. गच्चीवर दोरी बांधा, कपडे टांगा, फवारा, वाळू द्या, संपलं. तरी लिहायला बसलोय, कारण ती बाटली साताऱ्यात माझ्या हातात पडेपर्यंत मला जो मनस्ताप झाला त्याचा राग अजून उतरलेला नाही. ज्यांना नुसती कृती हवी आहे त्यांनी खुशाल कुरिअरचा भाग गाळून पुढे जावं.

मुळात हा खटाटोप कशाला? पाऊस उघडला की आपल्याकडची मंडळी डोंगरावर सुटतात. बामणोलीतून लाँच धरून वासोटा किल्ला, नाहीतर तापोळ्याकडे शिवसागर जलाशयाच्या काठाला तंबू. तेव्हा गवत कमरेला लागत असतं, त्यातून गुरं चरून गेलेली असतात, आत जंगलात गवे आणि सांबर. जिथे जनावर तिथे गोचीड आलीच. ती झाडावरून अंगावर पडते किंवा उडी मारते असं छातीठोक सांगणारे भेटतात. तसं काही नसतं. ती गवताच्या टोकाला पुढचे पाय पसरून बसते आणि जाणाऱ्याचा कपडा धरते. मग चढत चढत गुडघ्यामागे, कमरेच्या पट्ट्याखाली, काखेत. बारकी पिल्लं तर तिळाहून लहान, खाज सुटल्यावरच पत्ता लागतो.

नुसती खाज असती तर सोडून दिलं असतं. पण सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग भागात २०१६ पासून माकडतापाचे रुग्ण निघाले, तो ताप गोचिडीमुळेच येतो. १९५७ साली तो पहिल्यांदा ओळखला गेला कर्नाटकात, शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात. शिवाय स्क्रब टायफस नावाचा ताप आहे, तो झुडपांतल्या अगदी सूक्ष्म किड्यांच्या पिल्लांपासून होतो. वासोटा म्हणजे दोडामार्ग नव्हे हे मलाही कळतं, पण काळजी घ्यायला काही हजार खर्च येत नाहीत.

परमेथ्रिन म्हणजे शेवंतीच्या कुळातल्या फुलांत जे कीटकनाशक असतं त्याच्या धर्तीवर कारखान्यात बनवलेलं रसायन. त्याच्या वासाने किडे पळतात असं नाही. औषध मारलेल्या कापडावर गोचीड चालली की तिच्या मज्जासंस्थेवर परिणाम होतो, ती सैरभैर होते आणि गळून पडते. म्हणून हे अंगाला चोळायचं नसतं, कपड्यालाच लावायचं. कपड्यासाठी प्रमाण ०.५ टक्के.

तर हे ०.५ टक्के शोधायला मी आधी पेठेतच निघालो. मेडिकलवाल्याने परमेथ्रिन हा शब्द ऐकताक्षणी ५ टक्क्यांचं मलम काढून काउंटरवर ठेवलं आणि मागे रांग उभी असताना खणखणीत आवाजात विचारलं, "घरात किती जणांना झालीय खरूज?" मी बाहेर.

कृषी सेवा केंद्रात म्हणाले, "पर नाय, सायपर हाय. एकाच घरचं." घर एक आहे हे खरंच. पण त्या बाटलीत सायपरमेथ्रिन पिकावर फवारण्यासाठी असतं, दाट असतं आणि पाण्यात मिसळावं म्हणून त्यात तेलकट द्रावकं घातलेली असतात. ते दिवसभर घामेजलेल्या अंगाला घासत फिरायचं नसतं. लेबलवर तो रंगीत त्रिकोण असतो ना, तो बघायची सवय लावून घ्या. लाल सर्वात जहाल, मग पिवळा, निळा आणि हिरवा सर्वात सौम्य. जनावरांच्या औषधांच्या दुकानात तर मालकांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "म्हशीला चालतं, तुमाला का चालंना?" पाण्यात पातळ करून हीच औषधं पँटला मारणारे ट्रेकर मला भेटलेत. कितीही घाई असली तरी ते करू नका. कपड्यांसाठीच बनवलेला तयार स्प्रे घ्या.

शेवटी तो ऑनलाइन मागवला. खरी कथा इथे सुरू होते.

पार्सल साताऱ्यात आलं दिवाळीच्या तोंडावर. मोबाइलवर मेसेज : डिलिव्हरीसाठी निघालं. संध्याकाळी दुसरा मेसेज : ग्राहक घरी नाही. मी घरातच, फोन हातात, दार उघडं. दुसऱ्या दिवशी तेच. ग्राहक सेवेला फोन लावला तर मराठीसाठी एक दाबा म्हणून मी एक दाबला आणि पुढे बाई हिंदीत बोलल्या. चोवीस तासांत तोडगा निघेल म्हणाल्या. चोवीस तासांनी पुन्हा मेसेज, ग्राहक घरी नाही.

मग गाडी काढून त्यांच्या गोदामावर गेलो, हायवेच्या बाजूला. काउंटरला विशी-बाविशीतला मुलगा. नंबर घातला, स्क्रीन बघितली.

"सर, तुमचं होल्डला आहे."

"का?"

"लिक्विड आहे."

"मागवतानाच लिक्विड होतं."

"तसं नाही सर. केमिकल आहे. सिस्टिम घेत नाही."

"मग पुण्यावरून इथपर्यंत कसं आलं?"

"ते पुण्याला विचारावं लागेल."

आणि हे बोलणं चालू असताना माझं खोकं मला दिसत होतं. त्याच्या पाठीमागच्या लोखंडी रॅकवर, फराळाच्या डब्यांच्या आणि एका सायकलच्या चाकाच्या मध्ये. 'ही बाजू वर' असा बाण छापलेला, आणि खोकं आडवं, बाण भिंतीकडे. हात लांब केला असता तर पोचला असता.

सुटका कशी व्हायची? तर कंपनीचा सेफ्टी डेटा शीट पाहिजे, म्हणजे त्या औषधात काय आहे, पेट घेतं का, सांडलं तर काय करायचं याचा कागद. ठीक आहे, मागणी रास्त. विक्रेत्याला फोन केला, भल्या माणसाने तिथल्या तिथे व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. मोबाइल पुढे केला.

"मोबाइलवर चालत नाही सर. प्रिंट लागते."

शेजारी प्रिंटर खडखडत होता.

"तो लेबलचा आहे."

झेरॉक्सचं दुकान शोधत मागे आलो तर ते जेवायला बंद. चार वाजता उघडलं. पानांचा गठ्ठा घेऊन परत गेलो, मुलाने पहिलं पान बघितलं, शेवटचं बघितलं, म्हणाला, "यावर शिक्का नाही." कुणाचा शिक्का? ते त्याला सांगता येईना. साहेबांना विचारावं लागेल. साहेब उद्या.

दुसऱ्या दिवशी साहेब नव्हते आणि तो मुलगाही नव्हता. दुसराच होता. त्याला शिक्क्याचं सांगितलं तर तो म्हणाला, "कसला शिक्का? ओटीपी सांगा." ओटीपी आला नव्हता, कारण ओटीपी फक्त डिलिव्हरीला निघालेल्या पार्सलचा येतो आणि हे होल्डला होतं. होल्ड काढायला साहेबांचं लॉगिन लागतं. साहेब? "दिवाळीची गर्दी आहे सर, समजून घ्या." मी समजूनच घेत होतो. माझ्या मागे एक आजोबा उभे होते, ते नातीचा फ्रॉक नेण्यासाठी आदल्या दिवशीही आले होते. फ्रॉक तर लिक्विड नव्हता. आम्ही दोघांनी मग बाहेरच्या टपरीवर चहा घेतला, दुसरं करणार काय?

साहेब अखेर भेटले ते फटाके वाजायला लागल्यावर. मी कागदांचा गठ्ठा पुढे केला. तो त्यांनी बाजूला सारला.

"हे नेमकं आहे काय?"

"गोचिडीचं औषध. कपड्याला मारायचं."

"मग आधी सांगायचं की राव! आमच्या गोठ्यात लय झाल्यात." आणि लॉगिन, ओटीपी, सही, सगळं उभ्या उभ्या. खोकं हातात देताना वर विचारलं, गाईला चालेल का? नाही चालणार, हे कपड्याचं आहे, गाईसाठी पशुवैद्यकांना विचारा म्हणालो. कागद त्यांनी ठेवून घेतले नाहीत. माझ्याकडेच आहेत, कुणाला हवे असल्यास सांगा.

तेव्हा मागवायचं तर गणपतीच्या आधी मागवा, दिवाळीत नाही. विक्रेत्याला फोन करून तो कागद खोक्यातच घालायला सांगा, आणि त्याचा नंबर जवळ ठेवा.

आता काम. बाटली आडवी पडून होती तरी गळली नव्हती, हे नशीब. कपडे आधी धुऊन वाळवलेले घ्या. हातमोजे घाला, नाकाला फडकं बांधा, वारा पडलेला असताना उघड्यावर फवारा. सहा-आठ इंचांवरून, कापड ओलसर दिसेपर्यंत, दोन्ही बाजूंनी. सगळ्यात जास्त बूट, मोजे आणि पँटचा खालचा भाग, कारण गोचीड चढते तिथून. मग कमरपट्टा, बाह्यांची टोकं, कॉलर. आतल्या कपड्यांना नाही. तंबूला बाहेरून, विशेषतः जमिनीलगतची कड आणि दाराच्या चेनचा भाग. स्लीपिंग बॅगला फक्त बाहेरून. सॅकच्या पट्ट्या विसरू नका, आपण ती गवतातच टेकतो.

वाळायला चांगले दोन-चार तास द्या, दमट हवेत जास्तच. पूर्ण वाळल्याशिवाय घालू नका. आणि मांजर! हे खरं तर सगळ्यात आधी लिहायला हवं होतं. मांजराच्या यकृताला परमेथ्रिन पचवता येत नाही, ओलं औषध अंगाला लागलं तर जिवावर बेतू शकतं. आमच्या शेजारच्या काकूंची मनी रोज दुपारी आमच्याच गच्चीत लोळते. काकूंना सांगून तिला त्या दिवशी घरात कोंडलं, ती दिवसभर ओरडत होती आणि काकू माझ्यावर.

मासे आणि मधमाश्या यांनाही हे जहाल आहे. उरलेलं औषध किंवा हातमोजे धुतलेलं पाणी ओढ्यात, विहिरीत, तलावात जाऊ देऊ नका. महाबळेश्वरजवळचं मांघर २०२२ मध्ये देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून जाहीर झालं, त्या पट्ट्यात जाऊन मुक्कामाच्या जागी बाटली काढून फवारत बसू नका. जे करायचं ते घरून करून निघा.

घरी मारलेलं औषध साधारण सहा आठवडे किंवा सहा धुण्यांपर्यंत टिकतं. उन्हाने लवकर उतरतं, म्हणून ट्रेकचे कपडे मी काळ्या पिशवीत बांधून कपाटात ठेवतो. डास उघड्या मनगटाला चावतोच, तिथे नेहमीचं मलम लावा. जळवांसाठी यावर भरवसा ठेवू नका, पावसाळ्यात घट्ट विणीचे लांब मोजेच कामाला येतात.

फरक पडला का? वासोट्याच्या वाटेवर दम खायला बसलो तेव्हा माझ्या मोज्यावर एक बारकी तपकिरी गोचीड चढताना दिसली. हात न लावता बघत बसलो. बोटभर अंतर नीट गेली, मग भलतीकडे वळली, पाय झाडायला लागली, एका धाग्याला लोंबकळली आणि खाली मातीत पडली. इतका आनंद मला वासोट्याच्या माथ्यावर पोचूनही झाला नाही. सोबतच्या मित्राने "तुझं काहीतरीच" म्हणत कपड्याला काही मारलं नव्हतं, त्याच्या पोटरीला बामणोलीत परतल्यावर एक निघाली. तो तिच्यावर रॉकेल टाकायला निघाला होता. रॉकेल, तेल, जळती काडी काहीही नको. बारीक टोकाचा चिमटा घ्या, कातडीला अगदी लागून धरा, न पिळता सरळ ओढा, जागा साबणाने धुवा. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना गोचीड चावली होती हे आपण होऊन सांगा, ते विचारतीलच असं नाही.

आणि हो, औषध मारलेलं जॅकेट ड्रायक्लीनला देऊ नका, सगळं निघून जातं. घरीच साध्या पाण्यात, बाकीच्या कपड्यांपासून वेगळं धुवा.