तुम्ही विचारलंत म्हणून : जुने पुस्तक की नवे?

नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या आमच्या घरी शनिवारी रात्री जेवणाचे टेबल आवरले की त्यावर डंजन्स अँड ड्रॅगन्सचा, म्हणजे फासे टाकून आपापल्या पात्राची साहसकथा रंगवण्याच्या खेळाचा, डाव मांडला जातो आणि गेली सात वर्षे त्याचा डीएम, म्हणजे कथा चालवणारा आणि नियम सांभाळणारा, मीच आहे. हे ज्यांना ठाऊक आहे ते हल्ली भेटले की एकच विचारतात : “नवी आवृत्ती आली ना? मग तुम्ही बदललीत का? आम्ही बदलावी का?” विचारणाऱ्यांत कॉलेज रोडवर नुकताच गट जमवलेली मुले असतात, तसेच माझ्यासारखे चाळिशीकडे झुकलेलेही असतात. उभ्याउभ्या उत्तर देताना मी प्रत्येकाला काहीतरी वेगळेच सांगून बसतो, म्हणून ते एकदा नीट लिहून काढतो आहे.

खेळाच्या नियमांची पाचवी आवृत्ती २०१४ ची. तिचेच सुधारित रूप म्हणून सप्टेंबर २०२४ मध्ये खेळाडूंचे पुस्तक, नोव्हेंबरमध्ये डीएमचे आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये राक्षसांचे पुस्तक आले. प्रकाशकांनी याला सहावी आवृत्ती म्हटलेले नाही आणि जुनी साहसे नव्या नियमांनी खेळता येतील असेही सांगितले आहे. घोळ नेमका इथे आहे. २००८ साली चौथी आवृत्ती आली तेव्हा खेळ इतका बदलला होता की पुष्कळ जण मागेच थांबले आणि त्यांच्यासाठी जुन्या नियमांवर बेतलेला पाथफाइंडर हा वेगळा खेळ २००९ मध्ये उभा राहिला. त्या वेळी निदान आपण कुठे उभे आहोत हे प्रत्येकाला कळत होते. या वेळी सांगाडा तोच ठेवून सांधे तेवढे बदलले आहेत, त्यामुळे आपण दोघे एकच खेळ खेळतो आहोत अशा समजुतीत दोन माणसे तासभर वाद घालू शकतात.

तुमच्यापैकी कुणाकडेच पुस्तक नसेल आणि पहिलाच डाव असेल, तर सरळ नव्याने सुरुवात करा. नव्या पुस्तकाची मांडणी अधिक सुबोध आहे, यापलीकडे त्यात विचार करण्यासारखे काही नाही. अवघड आहे ते चालू कॅम्पेनचे, म्हणजे अर्ध्यावर आलेल्या लांब कथेचे.

आमच्या गटातला एक जण अंबडच्या कारखान्यात आहे. त्याचा पॅलाडिन (दैवी शक्ती लाभलेला योद्धा) सातव्या लेव्हलला पोहोचला आहे आणि त्याच्या कॅरेक्टर शीटवरचा, म्हणजे पात्राची माहिती लिहिलेल्या कागदावरचा, हिट पॉइंटचा (किती जीव उरला त्याचा) चौकोन खोडून खोडून इतका विरला आहे की त्याने मागून चिकटपट्टी लावली आहे. मागच्या हिवाळ्यात आम्ही एक शनिवार केवळ चाचणीसाठी राखून ठेवला आणि सगळी पात्रे नव्या नियमांत उतरवली. जुन्या नियमांत पॅलाडिनचा घाव बसला की स्पेल स्लॉट (मंत्र वापरण्याचा ठरावीक साठा) खर्चून त्याला स्माइटची (दैवी जादा तडाख्याची) जोड देता येते, आणि एका टर्नमध्ये (पाळीत) दोन घाव बसले तर दोन्हींना. नव्या नियमांत स्माइट हे स्पेल (मंत्र) झाले असून त्याला बोनस ॲक्शन (पाळीतली जादा छोटी कृती) लागते, म्हणजे टर्नला एकदाच. बदल्यात रोज एक स्माइट फुकट मिळते आणि हात ठेवून जखम बरी करणेही बोनस ॲक्शनवर आले आहे. पण एका टर्नला बोनस ॲक्शन एकच, त्यामुळे या दोहोंतले एकच काहीतरी निवडावे लागते. त्याने शीट भरली, दोनदा वाचली आणि म्हणाला, “मग त्या पुलावर मी ओगरला मारलं ते कसं?”

तीन वर्षांपूर्वी आमच्या कथेत त्याने पुलावरच्या ओगरला, म्हणजे एका धिप्पाड राक्षसाला, एकाच टर्नमध्ये दोन स्माइट मारून पाडले होते आणि त्याच्या पात्राला गावाने दिलेले नावही त्यावरूनच पडले होते. डीएम म्हणून मला नवा नियम अधिक पसंत आहे, कारण एका टर्नमध्ये सगळे स्लॉट ओतून माझा मोठा शत्रू तीन मिनिटांत संपवणे आता तितकेसे सोपे राहिलेले नाही. परंतु त्याच्या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. चालू कथेत नियम बदलले की आधी घडून गेलेले प्रसंग त्याच जगात अशक्य ठरतात, आणि खेळणाऱ्याला ते राक्षसाच्या तडाख्यापेक्षा अधिक लागते. त्या रात्री आम्ही जुन्या शीट परत काढल्या.

याचा अर्थ नव्यातले काहीच घेऊ नये असा नाही. आमच्या कथेतले शहर नाशिकवरूनच घेतलेले आहे. तिथेही नदीत एक दगडी मारुती उभा आहे आणि दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागले की गळ्याला, यावरून जसा आपण गोदावरीचा पूर मोजतो, तसाच मी फासा टाकून तिथला पूर ठरवतो. पुरातून वाट काढणाऱ्या पात्रांना थकवा येतो. जुन्या नियमांत थकव्याच्या सहा पायऱ्यांना सहा वेगवेगळे परिणाम आहेत, त्यामुळे दर वेळी खेळ थांबवून तक्ता उघडावा लागे. नव्यात प्रत्येक पायरीला वीस बाजूंच्या फाशावर उणे दोन, वेग पाच फुटांनी कमी आणि सहाव्या पायरीला पूर्वीप्रमाणेच मृत्यू, एवढेच आहे. हा नियम आम्ही त्याच आठवड्यात उचलला, कुणाची हरकत आली नाही. बरे करणारे औषध बोनस ॲक्शनमध्ये पिण्याची मुभा तर आमच्याकडे आधीपासूनच होती.

शस्त्रांचे नवे गुण मात्र मी घेतले नाहीत. लढाऊ कुऱ्हाडीच्या प्रत्येक घावानंतर शत्रू कोसळतो का हे पाहण्यासाठी मी वेगळा फासा टाकायचा, असे दोन घाव आणि सहा गोब्लिन म्हटले की चहा गार होतो. ज्यांना लढाईच अधिक आवडते त्यांनी ते जरूर घ्यावे. आमच्याकडे अर्धी रात्र सराईवाल्याशी भाडे ठरवण्यात जाते.

उसनवारी करायची तर ती लिहून ठेवा, एवढे मी आग्रहाने सांगेन. आमच्याकडे शंभर पानी वहीच्या पहिल्या पानावर घेतलेले नियम तारखेसह लिहिलेले आहेत. वाद झाला की दोन्ही पुस्तके मिटून वही उघडायची.

राहिला पैशांचा प्रश्न. प्रत्येक पुस्तकाची मूळ किंमत ४९.९९ डॉलर आहे आणि वाहतूक त्यावर, त्यामुळे तिन्ही एकदम मागवण्याची घाई करू नये. दोन्ही नियमांचा गाभा क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्याखाली फुकट वाचता येतो, जुन्याचा जानेवारी २०२३ पासून आणि नव्याचा एप्रिल २०२५ पासून. हा परवाना मागे घेता येत नाही. तेव्हा जुने पुस्तक बाद होईल या भीतीने कुणी बदलू नये.

आमची कथा दिवाळीच्या सुमारास संपेल असे दिसते आणि पुढची नव्या पुस्तकावरच सुरू होईल, हे सर्वांनी मिळून ठरवले आहे. पॅलाडिनवाल्याने आपण त्या वेळी मंक (हातापायांनी लढणारा साधू) घेणार असे आत्ताच जाहीर केले आहे. नव्या पुस्तकात मंकला चांगले दिवस आले आहेत, हे त्याने माझ्या आधी वाचले.